शेवटच्या ओळीआधीचा विराम

‘ही तबकडी दुर्मीळ आहे, यात शंका नाही, तिच्याभोवतीची कथा मात्र रचलेली आहे. बाजारात धान्य पाखडणाऱ्या कुणा खेडूत स्त्रीने हे गाणे म्हटले, ही जाहिरातदारांनी पसरवलेली गोड दंतकथा होय. शेवटच्या ओळीआधी जो विराम ऐकू येतो, तो मूळ ध्वनिफितीच्या जोडाचा आहे. तेथे एक आवाज संपतो आणि सरावलेल्या गायिकेचा दुसरा आवाज सुरू होतो. आसेगावच्या ज्या वृद्धेला मला भेटवण्यात आले, तिला त्या विरामाचे कारणही सांगता आले नाही.’

गेल्या वर्षी एका नामांकित दिवाळी अंकात हा मजकूर छापून आला. लेखक पुण्याचे ध्वनिमुद्रिका-संग्राहक आहेत. सभ्य गृहस्थ आहेत, माझ्या घरी चहा घेऊन गेले आहेत, म्हणून त्यांचे नाव येथे लिहीत नाही. माझे भांडण त्यांच्या मजकुराशी आहे. ‘ती वृद्धा’ म्हणजे शेवंताबाई. आणि तिला त्यांच्याशी ‘भेटवणारा’, ज्याचा उल्लेख करण्याची त्यांना गरज वाटली नाही, तो मी.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘भोंग्याच्या धंद्यातील गमतीजमती’ लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. परंतु माझ्या वयाच्या माणसाने उरलेला वेळ गमतींवर घालवावा, असे मला वाटत नाही. मी एकाच तबकडीविषयी लिहिणार आहे. धंद्याविषयी जे सांगेन, ते या प्रकरणापुरते.

मी वाशीमचा. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत मी ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा व्यवसाय केला. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द माझ्या पाटीवर होता. लोकांच्या तोंडी मी सदाभाऊ भोंगेवाला. बाहेरच्या माणसाला वाटते, रेकॉर्ड लावायची आणि मांडवात बसून बुंदी खायची, एवढेच हे काम. तसे ते नव्हते. भोंगा कोठे बांधायचा, त्याचे तोंड कोणीकडे करायचे, यात सगळी विद्या होती. भोंग्यातून निघालेला आवाज जर फिरून माइकमध्ये शिरला, तर तो पुन्हा भोंग्यातून बाहेर पडतो, पुन्हा आत शिरतो, आणि बघता बघता कान फाडणारी शिट्टी सुरू होते. ही शिट्टी होऊ न देणारा तो कारागीर. शिट्टी झाल्यावर धावत जाऊन बटण फिरवणारा तो हमाल. माझ्या मांडवात शिट्टी झाली नाही, हे वाशीमपासून मंगरुळपीरपर्यंत कोणीही सांगेल. निदान सांगत असे. सांगणारे आता फारसे उरले नाहीत.

तोंड कोणीकडे करायचे यावरून माणसे कशी वागत, त्याचा एक मासला देतो. अनसिंगला दोघा सख्ख्या भावांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वैर होते. दोघांच्या घरी एकाच दिवशी लग्न निघाले आणि दोघांनीही मलाच बोलावले. थोरला म्हणाला, “सदाभाऊ, भोंग्याचं तोंड त्याच्या घराकडं करा. त्याच्या घरातलं ताट हाललं पाह्यजे.” धाकट्याने तेच सांगितले, फक्त ताटाऐवजी भिंत म्हणाला. मी दोघांचेही म्हणणे तंतोतंत पाळले. परिणामी त्या गल्लीत दिवसभर कोणालाच कोणाचे मंगलाष्टक ऐकू आले नाही. लोक हा किस्सा हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखे कमी वाटते. भोंगा हे मुळात कोणाचा आवाज कोणाच्या अंगावर सोडायचा, याचे यंत्र आहे. आणि ते ठरवणारा भोंगेवाला कधीच नसतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता त्या तबकडीकडे वळतो.

त्या काळी रेडिओ केंद्रावर चहाच्या एका कंपनीने पुरस्कृत केलेला कार्यक्रम लागत असे. कंपनीने त्यात एक स्पर्धा जाहीर केली. सिनेमातले नसलेले, पुस्तकातले नसलेले, घरात म्हटले जाणारे गाणे श्रोत्यांनी म्हणावे. केंद्राची माणसे तालुक्याच्या गावी येऊन ते ध्वनिमुद्रित करतील, आणि पहिले येणाऱ्या गाण्याची तबकडी निघेल. ती विकली जाणार नव्हती. चहाच्या प्रचारासाठी दुकानदारांना आणि आम्हा भोंगेवाल्यांना फुकट वाटली जाणार होती. मंगरुळपीरला धान्याच्या बाजारातील मोठ्या शेडखाली ही स्पर्धा झाली. मंच, माइक आणि भोंगे माझे होते.

येथे आणखी एका कथनाचा समाचार घेणे भाग आहे. माझा त्या वेळचा भागीदार बबन गेली कित्येक वर्षे चहाच्या टपरीवर सांगतो की, त्या दिवशी माइक जमिनीवर आणण्याची युक्ती त्याची होती. बबन त्या दिवशी दुसरे मशीन घेऊन शिरपूरला यात्रेकरूंच्या कार्यक्रमाला गेला होता. हे मी त्याला दहा माणसांत विचारले आहे.

“बबन, तू तं शिरपूरले होता रे.”

“म्या दुपारी वापस आलो ना.”

“कोन्या गाडीनं आला?”

“आता गाडी कशी आठवन, भाऊ? म्हातारा झालो मी.”

“गाडी नाई आठवत, अन् युक्ती बराबर आठवते?”

बबनने त्यावर चहा पुढे केला. तो मी घेतला. कथन मान्य केले नाही.

स्पर्धेची हकिगत अशी. कंपनी चहाची आहे म्हटल्यावर चहाची स्तुती करणाराच जिंकणार, अशी वदंता आधीच पसरली होती. त्यामुळे सकाळपासून जो उठे तो चहा गाई. शाळेच्या मुलींनी पेटीच्या साथीवर चहाची आरती म्हटली. एका गृहस्थांनी पाळण्यात बाळाऐवजी किटली निजवली. चहावरची इतकी भक्ती मी पुन्हा पाहिली नाही. केंद्राचे साहेब ध्वनिमुद्रण-यंत्रासमोर कपाळाला हात लावून बसले होते.

दोन स्पर्धकांच्या मधल्या शांततेत पोत्यांच्या थप्पीमागून एक आवाज आला. तेथे तीन बाया व्यापाऱ्याची तूर पाखडत बसल्या होत्या. हे काम बाजारात रोजचे. सुपातले दाणे उडवून झेलायचे, काठावर टिचक्या मारायच्या, हलके पुढे आले की फुंकर घालून काढायचे, पुन्हा उडवायचे. त्यांतली एक गात होती. साहेबांनी कपाळावरचा हात काढला.

“कोण आहेत त्या? त्यांना बोलवा.”

ती आली. विशीतली असेल, अंगभर तुरीची धूळ. तिने नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव आणि गाव आसेगाव असे सगळे ठसठशीत सांगितले. मी शेजारी उभा होतो. प्रत्येक शब्द ऐकला आहे.

“बाई, घाबरू नका. मघाशी म्हणत होता तेच म्हणा,” साहेब म्हणाले.

“मघा कोनतं?”

“सूप हलवताना म्हणत होता, ते.”

“ते गानं नाई हो साहेब. ते कामाचं हाय.”

साहेब हसले आणि त्यांनी तिला माइकसमोर उभे केले. तिने तोंड उघडले; आवाज निघाला नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. पेटीवाल्या मुली खुसखुसल्या. ती माइकला म्हणाली, “इथं उभी राहून नाई निंघत,” आणि हे वाक्य भोंग्यातून साऱ्या बाजाराला ऐकू गेले. लोक खदखदून हसले. ती परत तुरीकडे चालू लागली.

तेव्हा मी म्हणालो, “साहेब, हिला इकडे आणू नका. माइक तिकडे नेऊ.” बबनने नव्हे. मी.

वायर पुरवून मी माइक पोत्यांमागे नेला, दांडा काढला आणि एका रिकाम्या पोत्याच्या घडीवर, तिच्या सुपाच्या बाजूला, आडवा ठेवला. सुपातली धूळ आत जाऊ नये म्हणून त्याला माझा रुमाल गुंडाळला. परंतु आता माइक थेट भोंग्यांच्या तोंडासमोर आला होता. शिट्टी अटळ होती. म्हणून मी भोंगे बंद केले. या एका गोष्टीमुळे पुढे सगळा घोटाळा झाला असे काही जण म्हणतात, कारण भोंगे बंद होताच लोकांना वाटले, स्पर्धा संपली. आणि बाजार पांगला. शिट्टीखाली गाणे चिरडले जावे आणि लोक मात्र बसून राहावेत, असे ज्यांना वाटते त्यांनी माझ्याशी वाद घालायला यावे. आजही मी भोंगे बंदच करीन.

शेवंताबाईने सूप हाती घेतले आणि आमच्याकडे पाहिले.

“तुमी सारे जन असे पाहून राह्यले, तं मी कशी म्हनू? तिकडं तोंडं करा.”

साहेबांनी मान वळवली. त्यांच्या मदतनिसाने वळवली. मी पाठ फिरवून उभा राहिलो आणि समोरून येणारी बैलगाडी हाताने थांबवून धरली. तिच्यासोबतच्या दोन बाया तेवढ्यात पाणी प्यायला उठल्या. म्हणजे, जे गाणे पुढे गावोगाव वाजले, ते म्हटले जाताना कोणीही पाहिलेले नाही. मीही नाही. मी ते केवळ ऐकले. सुपातली खसखस, टिचक्या, आणि तिचा आवाज:

सुपातल्या दान्या, तुले नाई घरदार,
आज माह्या हाती, उद्या कोन्या दारावर.
भरलेला दाना सुपात बसून राह्यला…

येथे सगळे थांबले. आवाज थांबला, सूपही थांबले. मला वाटले, ती विसरली. मग:

हलका होता त्याले वारा घेऊन गेला.

सूप पुन्हा सुरू झाले. असेच आणखी दोन वेळा म्हणून ती म्हणाली, “झालं. आता ही तूर कोन पाखडन? तुमी?”

साहेबांनी यंत्र बंद केले. चहाचा एक शब्द नसलेले ते गाणे पहिले आले.

तबकडी आली ती नेहमीसारखी काळी, जाड नव्हती. ती पातळ, कागदासारखी वाकणारी होती. अशा तबकडीवर सुई घसरते; म्हणून आम्ही सुईच्या दांड्यावर एक नाणे चिकटवत असू. आमच्याकडचा मे महिना तिला सोसत नसे. उन्हात राहिली तर पापडासारखी वळे. ज्या दुकानदारांना ती वाटली गेली, त्यांच्या घरी रेकॉर्ड वाजवायचे यंत्र नव्हते. तिथे ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून गेली. आज ती दुर्मीळ झाली आहे, याचे कारण तिची थोरवी नव्हे. तिची कोणाला किंमत नव्हती, हे आहे.

तिच्यावर निवेदक सांगतो: ‘ऐका, स्पर्धेत पहिल्या आलेल्या एका श्रोता भगिनीचे गाणे.’ एक श्रोता भगिनी. मी चकित झालो. तबकड्या घेऊन आलेल्या चहाच्या घाऊक विक्रेत्याला मी विचारले, “बाईचे नाव कुठे आहे?”

तो म्हणाला, “नाव कायले पाह्यजे, सदाभाऊ? चहा साऱ्यायच्या घरी जाते.”

शेवंताबाईच्या सासऱ्यांनी धर्मांतर केले होते. घरात बुद्धाची तसबीर होती आणि आडनावावरून आमच्या भागात कोणालाही घर ओळखू येत होते. विक्रेत्याच्या त्या वाक्याचा अर्थ ज्याला अजूनही कळला नसेल, त्याने आमच्याकडे लग्नसराईचा एक हंगाम काढावा.

संग्राहक महाशय लिहितात, गायिका खरी असती तर तिचे नाव छापले असते. महाशय, ती खरी होती म्हणूनच छापले नाही. बनावट नाव छापायला कंपनीला काय अडचण होती?

मग आसेगावचे ते लग्न. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचे. पंगत बसली असताना मी ती तबकडी लावली. मांडवाच्या कडेला काम करणाऱ्या बायांत शेवंताबाई होती. तिने गाणे ऐकले, उभी राहिली आणि शेजारणीला म्हणाली, “हे मीच म्हनलेलं हाय.”

“ऐक वं माय! ही म्हन्ते, भोंग्यात मी हावो!”

“मंग म्हन ना आता!”

“आता कशी म्हनू? सूप कुठी हाय?”

या उत्तरावर जे हसू झाले, ते मला आजही ऐकू येते. “घ्या वं, रेडिओबाईले सूप द्या!” असे कोणी ओरडले. तिचे ते नाव त्याच घटकेला पडले आणि पुन्हा सुटले नाही. मी माइक उचलला आणि जाहीर केले, “आत्ता आपण जे गाणे ऐकले, ते याच गावच्या…” एवढ्यात वरपिता धावत आला आणि त्याने मशीनचे बटण फिरवले.

“सदाभाऊ, लग्न कोनाचं हाय? नावं घ्याची तं आमच्या घरची घ्या.”

मी मशीन आवरले, भोंगे उतरवले आणि पंगत अर्ध्यावर असताना निघालो. त्या घराची सुपारी मी पुन्हा घेतली नाही. त्यांनी दिलीही नाही. माझ्या जाण्याने मांडव शांत झाला, एवढेच. शेवंताबाईच्या पदरी काही पडले नाही. तिला ‘रेडिओबाई’ म्हणणारे त्यानंतर तिच्या सुनेला ‘रेडिओबाईची सून’ म्हणू लागले. खोटारडी म्हणायचे असेल तर आमच्याकडे सरळ म्हणत नाहीत. असे हसतमुखाने एक नाव देतात आणि ते माणसाने जन्मभर वागवायचे असते.

पुढे तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या, त्याही गेल्या. मग ट्रकवर रचलेल्या भिंतीएवढ्या पेट्या आल्या, ज्यांच्यासमोर माणसाची छाती हादरते आणि शब्द ऐकू येत नाही. मी दुकान बंद केले. भोंग्यांत चिमण्यांनी घरटी केली. मी ती काढली नाहीत. माझ्याजवळची ती पातळ तबकडी एका उन्हाळ्यात दुमडून चिरली. केंद्राचे साहेब वारले. बाजारातल्या त्या दोन बायाही गेल्या. आणि शेवंताबाईच्या गळ्याला गाठ आली. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, जीव वाचला. आवाज मात्र गेला. ती बोलते, पण कुजबुजल्यासारखी. जवळ कान नेला तर कळते. ती आता म्हणून दाखवू शकत नाही. ‘मंग म्हन ना आता’ या आव्हानाला उत्तर द्यायला पूर्वी सूप हवे होते; आता सूप दिले तरी उपयोग नाही.

अशा स्थितीत संग्राहक महाशय वाशीमला आले. त्यांना ती तबकडी कोठल्याशा भंगारात चांगल्या अवस्थेत सापडली होती आणि जुन्या भोंगेवाल्यांना विचारीत ते माझ्यापर्यंत पोहोचले. त्यांनी पहिलाच आक्षेप घेतला तो असा: वाशीम जिल्ह्याची गायिका म्हणता, पण तबकडीवर तर जिल्हा अकोला लिहिले आहे. मी त्यांना सांगितले, त्या वेळी वाशीम हा जिल्हाच नव्हता. आम्ही सगळे अकोल्यात मोडत होतो. ते मान्य करून त्यांनी दुसरा आक्षेप काढला. तो विराम. ती गफलत त्या तबकडीवर तिन्ही वेळा, नेमक्या त्याच जागी आहे.

“एकदा विसरली असती तर समजू शकतो,” ते म्हणाले. “पण तीनदा? आणि सुपाचा आवाजही थांबतो. हा जोड आहे. शिवाय विरामानंतरचा आवाज वेगळा आहे, ऐका. जरा दमलेला, श्वास भरलेला.”

मी वाद घातला, अर्थातच. परंतु खरे सांगायचे तर त्या विरामाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि उत्तर नसणे मला सोसत नाही. लग्नांत ती तबकडी मी स्वतः असंख्य वेळा वाजवली होती आणि दर वेळी ती जागा आली की माझा हात नकळत मशीनकडे जाई. वाटे, वायर सुटली. मी म्हणालो, “चला आसेगावला. तिलाच विचारू.”

शेवंताबाई ओसरीत खाटेवर बसली होती. तिची नात प्रज्ञा, आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे, तिने आम्हाला खुर्च्या दिल्या. महाशयांनी त्यांचे छोटे यंत्र स्टुलावर मांडले. तबकडी दाखवताच शेवंताबाईने ती हाती घेतली, उलटसुलट पाहिली आणि कुजबुजली.

“एवढीशीच होय? मले वाटे, मोठी असन.”

तिने ती तबकडी यापूर्वी कधी पाहिलीच नव्हती.

“आजी, तिसऱ्या ओळीनंतर तुम्ही थांबता. का थांबता?” महाशयांनी विचारले.

तिने प्रज्ञाकडे पाहिले. प्रज्ञाने मोठ्याने प्रश्न पुन्हा सांगितला.

“थांबली असन बा. मले काय मालूम?”

“तिन्ही वेळा?”

“मी कायले थांबू? तूर कोन पाखडन मंग?”

महाशयांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात दुष्टपणा नव्हता, कीव होती. ती अधिक झोंबली. “एकदा ऐकू या,” ते म्हणाले आणि त्यांनी सुई तिसऱ्या, शेवटच्या आवर्तनाच्या आरंभी ठेवली. त्यांना त्या जोडाचीच खात्री करायची होती. ते गुडघ्यांवर बसले, डोळे सुईशी नेले आणि जेथे विराम येतो तेथे खाच दिसते का, ते भिंगातून पाहू लागले. मी मात्र या वेळी पाठ फिरवली नाही. गाणे एकदाच वाजले. मी “साहेब, इकडे पाहा” असे म्हणेपर्यंत सुई शेवटच्या ओळीच्या पलीकडे गेली होती. “पुन्हा लावा,” मी म्हणालो.

“नको. तबकडी फार झिजलेली आहे. दर वेळी सुई तिला खरवडते. मला हवे ते दिसले आहे.”

“तुम्हाला खाच दिसली?”

“खाच दिसणार नाही, जोड फितीत असतो. पण विराम स्वच्छ आहे.”

मी जे पाहिले ते त्यांना वाटेत सांगितले. ते सौम्यपणे म्हणाले, “सदाशिवराव, तुम्हाला तसे दिसावेसे वाटत होते.” आणि मग तो लेख आला.

लेख आसेगावला पोहोचला. कोणीतरी तो चौकात मोठ्याने वाचला. ‘गोड दंतकथा’ हा शब्द लोकांना आवडला असावा. आता ‘रेडिओबाई’च्या जोडीला तोही वापरतात. प्रज्ञा अंक घेऊन माझ्याकडे आली. मुलगी शिकलेली, धीराची. तिने तो लेख उघडून अंक टेबलावर ठेवला.

“आबा, आजी पयले हसून टाळे. आता छापून आलं ना. आता ते म्हन्ते, असन बाई, दुसऱ्याच कोनाचं असन. मीच भुलली असन.”

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. गावाने नाकारले, कंपनीने गाळले, आवाज गेला. हे सगळे तिने सोसले होते. आता तिला स्वतःलाच आपण गायल्याची खात्री राहिलेली नाही. तिचे दिवस थोडे आहेत आणि माझेही. तिच्या डोळ्यांदेखत हे छापून यावे आणि प्रज्ञाने ते चौकात उभे राहून मोठ्याने वाचावे, एवढे मला हवे आहे. भोंगा लागल्यास माझा एक अजून वाजतो.

महाशयांच्या कानांविषयी मला आदर आहे. विरामानंतरचा श्वास भरलेला आवाज त्यांनी अचूक टिपला. सूप थांबते, हेही अचूक. तिला कारण सांगता आले नाही, हेही खरे. आपण पायऱ्या चढताना आधी कोणता पाय टाकतो, हे मलाही सांगता येणार नाही. त्यांची सारी निरीक्षणे बरोबर आहेत. चुकले ते एवढेच की, ते तबकडीकडे पाहत होते.

मी शेवंताबाईकडे पाहत होतो. गाणे सुरू झाले तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. दुसऱ्या ओळीला ते उचलले गेले, जणू त्यांत काही धरले आहे. तिसऱ्या ओळीला बोटांनी रिकाम्या हवेत टिचक्या मारल्या. ‘भरलेला दाना सुपात बसून राह्यला’ संपले, तबकडी गप्प झाली, आणि त्या शांततेत शेवंताबाईने दोन्ही हात पुढे कलते केले, ओठ जुळवले आणि नसलेल्या सुपावरून फुंकर घातली.